फरार

मायाला नोकरी लागल्याची बातमी न्हावऱ्यात तिच्या आईनंच पसरवली. ताईबाई कांदालागणीला जायची. त्या दिवशी वाफ्यात रोपं टोचता टोचता तिनं जोडीच्या बायांना सांगून टाकलं, की लेकीला रांजणगावच्या मोठ्या कंपनीत लॅबमध्ये घेतलंय, कंपनीची बस दारात न्यायला येणार, आन् जेवण पण कंपनीचंच. बस फाट्यापर्यंतच येणार होती. पण मायानं ते दुरुस्त केलं नाही. आईच्या तोंडून स्वतःचं कौतुक ऐकायला तिला फारसं मिळालेलं नव्हतं.

माया केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली. शिरूरला रक्त-लघवी तपासायच्या एका लॅबमध्ये ती काम करत होती; तिथं शिकायला काही नव्हतं आणि वाढायलाही. त्याआधी कुरकुंभच्या एमआयडीसीत एका लहानशा केमिकल कंपनीत तिनं अडीच वर्षं काढली होती. वडील नवनाथ पुण्यात एका सोसायटीत वॉचमन, महिन्यातून एकदा घरी येणारे. धाकटा भाऊ सम्राट आयटीआय करून गॅरेजमध्ये लागलेला. ऑफर लेटर त्यानंच मोबाईलवर शेवटपर्यंत वाचलं.

"खाली लिवलंय, पार्श्वभूमी तपासणीचा अहवाल समाधानकारक आला तरच."

"म्हंजी काय रं?" ताईबाईनं विचारलं.

"म्हंजी आक्का चोर न्हाई ना, ते बघत्यात. आन् कुणाचं कर्ज बुडवलंय का, ते पण. सिबिल का काय ते."

"आपल्याला कर्ज दिलंय कुणी बुडवायला?" ताईबाई म्हणाली, आणि तिघंही हसली.

पुढच्या आठवड्यात मोटरसायकलवर एक माणूस आला. तपासणी करणाऱ्या एजन्सीचा. त्यानं मायाला दाराच्या चौकटीत उभं करून फोटो काढला, आधारकार्ड बघितलं आणि शेजारच्या धुरपदाकाकूला गाठलं. ही मुलगी इथं किती वर्षं राहते, वागायला कशी आहे, घरी कोण येतं-जातं. धुरपदाकाकूला वाटलं, सोयरीक जमतेय. तिनं मायाचं इतकं कौतुक केलं की त्या माणसानं लिहिणं थांबवून हात जोडले.

म्हणून नंतर कंपनीच्या एचआरमधल्या सीमा मॅडमचा फोन आला तेव्हा माया निवांत होती.

"माया, तुमचा रिपोर्ट आलाय," मॅडम म्हणाल्या. "पत्ता ग्रीन, पोलीस ग्रीन, डिग्री ग्रीन. सिबिललाही काही नाही. पण मागच्या नोकरीला रेड लागलाय. त्यांनी 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग' असं कळवलंय. न सांगता गेली, परत घेण्यास अपात्र."

मायाच्या हातात रक्ताच्या नळ्यांचा ट्रे होता. तिनं तो सावकाश टेबलावर ठेवला.

"त्यांच्याकडून रिलीव्हिंग लेटर आणा," मॅडम म्हणाल्या. "मी थांबवून धरते आठवडाभर. त्यापुढं माझ्या हातात नाही."

संध्याकाळी घरी तो शब्द निघाला. ताईबाईला तो म्हणता येईना. मराठीत काय म्हणायचं, तिनं विचारलं. सम्राटनं मोबाईलवर बघितलं आणि म्हणाला, "फरार."

"फरार?" ताईबाई भाकरी थापायची थांबली. "त्यो तर पोलिसातला शब्द हाय. तू म्हणली हुतीस, वास सोसना म्हणून सोडली नोकरी."

वासाची गोष्ट मायानंच रचलेली होती.

खरं घडलं होतं ते असं. त्या कंपनीत रामआशिष नावाचा एक हेल्पर होता, उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा, ठेकेदाराचा माणूस. अ‍ॅसिडच्या पंपाजवळची पाईपलाईन दोन दिवस गळत होती. रामआशिषनं सुपरवायझरला सांगितलं होतं आणि नवे हातमोजे मागितले होते. त्याचे फाटलेले होते. "शिफ्ट निघू दे, मग बघू," असं उत्तर मिळालं. माया सॅम्पल घ्यायला प्लांटवर गेली, त्याच वेळी जोड सुटला. अ‍ॅसिड त्याच्या दोन्ही हातांवर आणि चेहऱ्याच्या एका बाजूला उडालं. अंगावर पाणी घ्यायचा जो शॉवर भिंतीला होता, त्याला पाणीच नव्हतं. मायानं बादल्या आणून ओतल्या. तो ओरडत नव्हता. नुसता "मैडम, मैडम" करत होता.

दुसऱ्या दिवशी प्लांट मॅनेजर गुंजाळ साहेबांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवलं. बाहेरून कुणी विचारलं तर हेल्परनं स्वतःच्या मनानं व्हॉल्व्ह उघडला, एवढंच सांगायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. मायानंही हलवली.

त्याच्या पुढच्या दिवशी ती नेहमीसारखी निघाली. कुरकुंभला उतरली, गेटपर्यंत चालत गेली आणि तिथून परत फिरली. नंतर गेलीच नाही. ऑफिसचे फोन आले, तिनं उचलले नाहीत. राजीनामा पाठवायला हवा, हे कळत होतं. पण 'आदरणीय महोदय' एवढं लिहून झालं की पुढं हात चालेना. पगार अडकला, तोही तिनं मागितला नाही. पोलिसात गेली नाही, कामगार ऑफिसात गेली नाही. घरीसुद्धा सांगितलं नाही. नुसती घरी बसून राहिली, आणि काही महिन्यांनी शिरूरच्या लॅबमध्ये लागली.

सम्राटनं गॅरेजमधून सुट्टी काढली आणि तिला गाडीवर कुरकुंभला नेलं. पारगावचा पूल, चौफुला, वरवंड, पाटस. गेटवर सम्राटला बाहेर थांबवलं.

गुंजाळ साहेब ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते उठून उभे राहिले. चहा मागवला. आईवडिलांची चौकशी केली.

"मोठ्या कंपनीत चाललीस. चांगलं झालं," ते म्हणाले. "लेटर काय, दहा मिनिटांत देतो. 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग' ही क्लार्कची चूक होती, असंही एजन्सीला कळवतो. माझीही मुलगी तुझ्याएवढी आहे."

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक टाईप केलेला कागद काढून तिच्यापुढं सरकवला. 'मी त्या वेळी तेथे हजर होते. सदर कामगाराने हातमोजे घालण्यास नकार देऊन स्वतः व्हॉल्व्ह उघडल्याचे मी स्वतः पाहिले.' खाली तिचं नाव आणि सहीची जागा.

"त्यानं भरपाईचा दावा लावलाय," साहेब म्हणाले. "साक्षीला तुझं नाव घातलंय. वकील म्हणतात, तुझं एवढं स्टेटमेंट फाईलला असू दे."

"सर, त्यानं व्हॉल्व्हला हात लावला नव्हता. लाईन गळत होती. मोजे तर त्यानंच मागितले होते."

"असेल. तुला तसं आठवत असेल." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "पण कॅन्टीनमध्ये तू काही बोलली नव्हतीस. मी बघत होतो ना सगळ्यांकडं. तेव्हा मान हलवलीस, आज सही कर. मोठं काय त्यात?"

घरी विचारून सांगते, म्हणून ती कागद घेऊन बाहेर पडली. चहा तसाच राहिला.

वरवंडला सम्राटनं गाडी टपरीवर थांबवली आणि तिथं मायानं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग एकदम म्हणाला, "मग तवाच का न्हाई बोललीस तू? त्या माणसाचं हात गेलं आन् तू घरी येऊन वास येतो म्हणून सांगितलंस?"

"मला भ्या वाटलं."

"कशाचं?"

"म्हाईत न्हाई," माया म्हणाली. ते खरंही होतं.

ताईबाईनं मात्र ऐकून घेतल्यावर वेगळंच धरलं. दिवसभर वाकून तिची कंबर धरलेली होती, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "त्यो आपल्या मुलखाला गेला आसंल. तुझी सही झाली काय आन् न झाली काय, त्याचं हात येणारंत का परत? मी का त्याचं वाईट चिंतती? पण तू काय जल्मभर दुसऱ्यांचं मूत तपासत बसणार?"

मायानं वडिलांना फोन लावला. मागं सोसायटीच्या फाटकाचा आवाज येत होता. "मी कर म्हणलो आन् तुझं मन खात राह्यलं तर?" नवनाथ म्हणाले. "आन् न्हाई म्हणलो तर म्हणशील, बापानं नोकरी घालवली. सही तुझी हाय, बाळा. मी कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी तिनं सीमा मॅडमना फोन करून होतं तसं सांगितलं. अ‍ॅसिड, कॅन्टीन, तो कागद. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"माझा विश्वास बसतो तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "पण माझा विश्वास मी कुठं लिहू? तिथं रंग असतो फक्त. रेड असला की सिस्टीम पुढं जाऊच देत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि एक सांगते, हे दुसऱ्या कुणाला सांगू नका. आधीच्या कंपनीविरुद्ध साक्ष देणारी मुलगी, असं कळलं तर रंग ग्रीन असूनही तुम्हाला कुणी घेणार नाही."

गुंजाळ साहेबांचा मेसेज आला: वाट बघतोय. मग अजून एक आला.

मायानं तो कागद घेऊन अनेकदा पेन उघडलं. प्रत्येक वेळी ती एकाच ठिकाणी अडली: 'मी स्वतः पाहिले.' कॅन्टीनमध्ये मान हलवताना तिनं नजर खाली घातली होती. कुणाला सांगितलंच नाही, तर खोटंही सांगितलं नाही, अशी समजूत तिनं इतके दिवस घालून घेतली होती. ती समजूत फसवी होती, हे तिला आता कळत होतं. पण इथं तिला डोळ्यांनी बघितलेलं फिरवायचं होतं, आणि ते तिच्यानं होईना. आठवडा संपला. तिनं सही केली नाही.

कंपनीचा मेल आला, दोन ओळींचा. ऑफर मागे घेण्यात येत आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

ताईबाई चार दिवस तिच्याशी नीट बोलली नाही. गल्लीत कुजबुज सुरू झाली. तो मोटरसायकलवाला माणूस पोलीस होता, मायाचं कुरकुंभला काहीतरी प्रकरण होतं, म्हणून तर चौकशीला आला होता. हे धुरपदाकाकूनं उठवलं नव्हतं, पण कुणी विचारलं तर तीही आता "काय म्हाईत बाई" एवढंच म्हणायला लागली होती. ताईबाईनं गावातल्या बायांच्या टोळीबरोबर कांदालागणीला जाणं सोडलं. तिनं धरलेली दुसरी टोळी निमोण्याकडची होती, लांबची.

तेव्हा मायाच्या मनानं घेतलं, की नोकरी गेलीच आहे तर निदान साक्ष तरी द्यावी. निदान एक गोष्ट सरळ व्हावी. कुरकुंभला तिच्याबरोबर लॅबमध्ये असलेल्या सुषमाकडून तिनं रामआशिषचा नंबर मिळवला. दुपारी लॅबच्या मागच्या जिन्यात उभी राहून फोन लावला. आधी त्याची बायको होती, मग तो आला.

"मैडम?" तिनं नाव सांगताच त्यानं ओळखलं. "अरे, आप!"

तिनं तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं, की मी साक्ष द्यायला तयार आहे. जे बघितलं ते सगळं सांगते. तारीख कधी आहे?

"वो तो हो गया, मैडम. चैत में ही निपट गया. वकील बोला, लंबा चलेगा, जो मिलता है ले लो. अंगूठा तो लगता नहीं हमारा, तो पैर का लगवाया."

माया जिन्यावर बसली. ती गुंजाळ साहेबांच्या समोर बसली होती, त्याच्या कितीतरी आधी चैत्र होऊन गेला होता. दावा मिटलेला होता. तिच्या सहीवाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं. आणि सही न केल्यानं कुणाचं काही वाचलंही नव्हतं. साहेबांना नुसती फाईल भरलेली हवी होती. पुढंमागं लागेल म्हणून.

"आप कहाँ हैं अभी?" तो विचारत होता. "कोई बड़ी कंपनी में?"

"हो," माया म्हणाली. मग सावरून म्हणाली, "हाँ. बड़ी कंपनी में."

"बहुत अच्छा," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. त्यानंच मग फोन ठेवायची परवानगी मागितली. मोबाईल बायकोनं कानाला धरलेला होता आणि तिला काम होतं.

दिवाळीनंतर मायानं शिक्रापूरच्या एका कारखान्यात अर्ज केला. या खेपेला तिनं अनुभवाच्या जागी कुरकुंभचं नाव घातलंच नाही. मुलाखतीला समोर तिच्यापेक्षा लहान वयाचा एक साहेब होता. त्यानं अर्ज वरखाली बघितला.

"डिग्री होऊन इतकी वर्षं झाली, आणि अनुभव फक्त शिरूरच्या लॅबचा. मधली तीन-एक वर्षं काय करत होता?"

"घरी होते."

"काहीच नाही केलं?"

मायाला प्लांट आठवला, तिनं शिकून घेतलेलं एकेक यंत्र आठवलं, पहिल्या पगारातून सम्राटला घेतलेले बूट आठवले.

"न्हाई," ती म्हणाली. "काहीच नाही."

त्यानं तिला फ्रेशर म्हणून घेतलं. आधीपेक्षा कमी पगारावर, नुकत्याच कॉलेजातून आलेल्या पोरींच्या बरोबरीनं. या वेळी तपासणीचा रिपोर्ट लवकर आला. सगळा ग्रीन होता.