निरोगी नमुना

तोंडाच्या कर्करोगात लाळेतलं एक प्रथिन वाढतं. ते वेळेवर ओळखता आलं, तर गाठ दिसण्याआधीच उपचार सुरू करता येतील, या आशेवर रोहिणीचं संशोधन उभं होतं. पद्धत पारखायला तिला एक निरोगी नमुना हवा होता. घरचंच माणूस म्हणून तिने आईची लाळ घेतली. आणि आज दुपारी नेमका त्याच नमुन्याचा आकडा रुग्णांच्या रांगेत जाऊन बसला.

तिने चाचणी पुन्हा लावली. आकडा हलला नाही.

घराजवळच्या थांब्यापर्यंत ती बसमध्ये उभीच राहिली. जागा रिकामी होती, पण बसवेना. एका चाचणीवरून निदान होत नाही, हे ती विद्यार्थ्यांना रोज सांगे. आज ते वाक्य तिच्या उपयोगी पडत नव्हतं.

घरी तिच्या आई, लताबाई, मेथी निवडत होत्या.

"आई, त्या दिवशी नळीत लाळ देण्याआधी काही खाल्लं होतंस?"

"घास नाही घेतला. चहासुद्धा नाही. तुझ्या नळीपायी दिवसभर डोकं धरलं माझं."

"नक्की?"

"तोंड तेवढं स्वच्छ केलं. शिकलेली माणसं बघणार, त्यांना घाणेरडी लाळ कशी द्यायची?"

"कशाने स्वच्छ केलंस?"

लताबाईंची बोटं थांबली. मिश्री सोडली, असं त्यांनी लेकीला शपथेवर सांगितलं होतं.

"थोडीशीच लावली. हिरडीतून रक्त आलं, म्हणून जरा जास्त घासली."

रोहिणीने मोकळा श्वास घेतला. हिरडीच्या रक्तानेही आकडा चढतो. नमुनाच बिघडला होता. पण तो श्वास पुरता सुटायच्या आत दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. आई इतकी वर्षं तंबाखू भाजून दाताला लावत होती.

"खिडकीपाशी ये. आ कर."

"आता? भाजी राहिलीय गं."

"ये ना."

मोबाइलच्या उजेडात तिने आईचा खालचा ओठ दुमडला. आत पांढरट, खरखरीत चट्टा होता. ओल्या फडक्याने पुसला, गेला नाही.

"काय आहे?"

काही नाही, हे शब्द रोहिणीच्या ओठांवर आले होते.

"माहीत नाही. तुकडा काढून तपासावा लागेल. उद्या सकाळी जाऊ."

"उद्या कशाला? रात्रभर येरझारा घालशील आणि मलाही झोपू देणार नाहीस. तुमच्या कॉलेजचा दवाखाना संध्याकाळी उघडा असतो ना?"

लताबाईंनी मेथीवर ताट झाकलं आणि चपला पायात सरकवल्या. कुलूप लावताना रोहिणीच्या हातून किल्ली दोनदा निसटली. शेवटी आईनेच ती घेतली.