बख्तियारचं नाव

नावाला कुर्दी भाषेतही ‘नाव’च म्हणतात, हे मला दुबईच्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कळलं. समोरच्या फ्लॅटमध्ये नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “नावम गलावेज.” मग माझ्याकडे बोट करून, “नाव?” मी खुळ्यासारखी हरखले. दुबईत इतकी वर्षं काढली, पण कुणा परक्यानं मला मराठीत नाव विचारलं नव्हतं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. कुमुदकाकूंनी नाक मुरडलं. त्या आमच्या बायकांमधल्या थोरल्या. मसाल्यांचा धंदा त्यांचा आणि रीतीभातींचा मक्ताही त्यांचाच.

“उर्मिला, बोलव की. पण तिचा हजबंड आहे ना? नसेल तर कुंकवाचं ऑकवर्ड होईल.”

आहे म्हणावं की नाही म्हणावं? गलावेजबाईंचा मुलगा हिवा इथं इंजिनियर आहे, त्यानं एकदा सगळं सांगितलं होतं. अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये सद्दामच्या फौजेनं त्यांचं इराकमधलं गाव उठवलं. कुर्दांची अशी कितीतरी गावं पुसली, त्या मोहिमेला अन्फाल म्हणतात. पुरुषांना वेगळ्या ट्रकमध्ये चढवलं. त्यात बख्तियार होता, गलावेजबाईंचा नवरा. हिवा तेव्हा आईच्या पोटात होता. पुढे वाळवंटात सामूहिक कबरी सापडत गेल्या. जुळवून पाहायला हिवानं रक्त दिलं, पण बाप काही सापडला नाही. मग बाई सवाष्ण की विधवा? अशा बाईसाठी आमच्याकडे शब्दच नाही, आणि त्याचा मला राग येतो.

सगळ्यांना सोयीची म्हणून मी चौदा एप्रिलची संध्याकाळ धरली. पन्हं झालं, कैरीची डाळ झाली, आणि मग ‘नाव घ्या, नाव घ्या’ सुरू झालं. कुमुदकाकूंनी जास्त आढेवेढे घेतले नाहीत.

“पन्ह्यात घातली केशराची काडी, भानुदासरावांना सोडवत नाही दुबईची गाडी!”

हशा पिकला. गलावेजबाई मात्र हसल्या नाहीत. ‘नाव’ तेवढं त्यांना समजलं होतं. मी काही सांगायच्या आत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बख्तियार.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या थांबल्या नाहीत. “रऊफ. सलाम. करीम. जमाल.” टाळ्या विरत गेल्या. कुमुदकाकू माझ्या कानात कुजबुजल्या, “अगं, नवरे किती हिला?”

“भाई,” टाळ्या थांबलेल्या पाहून गलावेजबाईंनी जमेल तशा हिंदीत सांगितलं. “बख्तियार मेरा आदमी, बाकी सब मेरा भाई. आज अन्फाल का दिन. उधर सब औरत बैठता, नाव बोलता. तुम लोग का भी ऐसा?” मग कुमुदकाकूंचा हात हातात घेऊन अगदी मायेनं विचारलं, “तुम्हारा भानुदास... कौन ले गया?”

कुमुदकाकूंचा चेहरा पार उतरला. “कोई नहीं ले गया. रुवैसको साईटपे गए हैं. शुक्रवारको आएंगे.”

“आता है?”

“हाँ. आते हैं.”

“अच्छा है,” गलावेजबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात हेव्याचा लवलेश नव्हता. “मेरा अभी नहीं आया. खाना बनाती, तो थोड़ा ज़्यादा बनाती.”

करंडा माझ्या हातात होता. तो कुमुदकाकूंनी काढून घेतला. “कुंकू है,” त्या म्हणाल्या. “हजबंडके नामका. लगाऊँ?”

गलावेजबाईंनी डोक्यावरचा रुमाल थोडा मागे सारला आणि कपाळ पुढं केलं. काकूंनी ठसठशीत कुंकू लावलं आणि आरसा पुढं धरला. आरशात पाहून बाई जरा लाजल्या, लग्नाच्या दिवशी लाजल्या असतील तशा.

“ये कब निकालना?” त्यांनी विचारलं.

“निकालना नहीं,” कुमुदकाकू म्हणाल्या. “वो आने तक रखना.”