साळूमाय ज्याची वाट बघत बसली, तो भोंगा

मित्रांनो, मी हातानं फिरवायचा एक भोंगा आहे. वय फार नाही, पण पत्र्याला पोचे आलेत, रंग उडालाय आणि पोटात एका माणसाबद्दलचा राग आहे. तो राग जाऊ नये, असंच मला वाटतं.

जुन्या जालन्यातल्या एका छोट्या वर्कशॉपात मला घडवलं. पोटात पात्यांचा पंखा, पुढं कर्णा, बाजूला हँडल. हँडल फिरवलं की माझा आवाज शिवारापर्यंत जातो. वीज गेली, मोबाइलचा टॉवर बंद पडला, तरी मी वाजतो. म्हणूनच हसनाबादच्या पुढच्या एका नदीकाठच्या गावानं मला नेलं. त्या गावच्या खालच्या आळीत पुराचं पाणी शिरायचं.

तिथं मला पहिला हात लावला बेबीनंदानं. ती अंगणवाडीत मदतनीस होती. पूर आला तर स्वतःच्या पायानं कोण निघू शकणार नाही, हे तिनं घरोघर जाऊन लिहून काढलं. नऊ नावं निघाली. प्रत्येक नावापुढं एका शेजाऱ्याचं नाव. मी वाजलो की त्या शेजाऱ्यानं हातातलं काम टाकून पळायचं आणि आपल्या माणसाला उंचावरच्या शाळेत पोचवायचं, असं ठरलं.

नदीला सगळ्यात जवळचं घर साळूबाईचं. गाव तिला साळूमाय म्हणायचं. तिला दिसत नव्हतं आणि ती एकटी राहायची. तिला न्यायचं काम रखमाजीकडं होतं. पहिल्या सरावाला मी वाजलो, तर रखमाजी पोचायच्या आधीच ती काठी घेऊन ओट्यावर येऊन बसलेली.

"माय, भ्या न्हाई वाटलं का?" बेबीनंदानं विचारलं.

"भ्या कशाचं? ह्याचा आवाज आला की मला कळतं, रखमाजी निघाला. आवाज न्हाई तवर मी निवांत."

असा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. दोन पावसाळे मी त्या विश्वासावर जगलो.

मग काकासाहेब उपसरपंच झाला. मी त्याला अहो-जाहो करणार नाही. ग्रामपंचायतीची किल्ली त्याच्याकडं आली आणि आठ दिवसांत त्यानं मला स्टँडवरून काढून मोटारसायकलला बांधलं.

"मक्यात डुकरं घुसून राह्यलीत," तो म्हणाला. "भोंगा इथं नुसता बसूनच आहे ना."

माळरानावरच्या त्याच्या शेतात मला मचाणावर ठेवलं. पंधरा दिवस डुकरं माझ्या आवाजाला भ्याली. नंतर त्यांना सवय झाली आणि माझा उपयोग संपला. तरी त्यानं मला परत नेलं नाही. मी तिथंच पडून राहिलो. मक्याच्या तुऱ्यांचा भुसा पंख्यात बसला, कुंभारमाशीनं कर्ण्यात मातीचं घर केलं. बेबीनंदा तीन वेळा शेतात आली. तिन्ही वेळा त्याचं उत्तर एकच, "आणतो ना. पाऊस तर पडू द्या बराबर."

सप्टेंबरातल्या एका सकाळी वरचा बंधारा फुटला. फोन आल्याबरोबर बेबीनंदा ग्रामपंचायतीकडं पळाली. स्टँड रिकामा होता. मग ती घसा फाटेपर्यंत ओरडत दारोदार फिरली. आठ माणसं शाळेत पोचली, पण नदीकडच्या टोकापर्यंत ती जाईतो वाट पाण्याखाली गेली. रखमाजी मात्र पलीकडच्या रानात होता. तिचा आवाज तिथवर जाणं शक्य नव्हतं. माझा गेला असता.

त्याआधीच शेजारची बाई लेकरं घेऊन निघताना साळूमायला म्हणाली होती, "माय, चल. माझ्या हाताला धर."

"तू लेकरं सांभाळ," साळूमाय म्हणाली. "भोंगा अजून वाजला न्हाई. वाजला की रखमाजी येतोच."

ती ओट्यावर बसून राहिली. पाणी कमरेपर्यंत चढलं, तेव्हा तिनं खांबाला मिठी मारली. दुपारी रखमाजीनं पोहत जाऊन तिला काढलं. तिला ताप भरला आणि नवव्या दिवशी ती गेली. मी मचाणावरून ते सगळं पाणी बघत होतो. हँडलला लावायला एक हात हवा होता, फक्त एक.

पूर ओसरताच काकासाहेबानं मला गुपचूप आणून स्टँडवर ठेवलं. वरून फडक्यानं पुसलं, आत बघितलं नाही. चौकशीला तालुक्याहून साहेब आल्यावर ग्रामसभेत तो उभा राहिला.

"भोंगा वाजवला होता साहेब. म्हातारीला ऐकू कमी येत होतं."

बेबीनंदा उठली. "साळूमायला दिसत न्हवतं. ऐकू साऱ्या गावापेक्षा जास्त येत होतं. तुम्ही वाजवला म्हणता ना, काकासाहेब? मंग आत्ता वाजवा."

सगळ्यांसमोर त्याला हँडल धरावं लागलं. त्यानं जोर लावला आणि मी म्हशीसारखा खोकलो. कुंभारमाशीचं घर फुटलं. माती, मक्याचे तुरे आणि भुसा त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर, तोंडावर उडाला. मित्रांनो, तेवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

रखमाजीनं एक तुरा उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवला. "गावात मका उगवत न्हाई साहेब. हा कुणाच्या रानातला, ते त्यांनाच विचारा."

"डुकरं येत होती," काकासाहेब हळूच म्हणाला.

कुणी हसलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. लोक नुसते बघत राहिले. तो खाली बसला.

त्याचं पद गेलं. मला ते पुरेसं वाटलं नाही, बेबीनंदालाही नाही. तिनं माझा पंखा साफ करून घेतला आणि मला काकासाहेबाच्या दारासमोरच्या खांबावर बसवलं. "इथून आवाज आळीत चांगला जातो," असं तिनं सभेत सांगितलं. खरं कारण तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. यादीत गोजरबाई नावाची अर्धांगवायूची म्हातारी आहे. तिच्या नावापुढं आता काकासाहेबाचं नाव आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला सराव असतो. मी त्याच्या खिडकीत तोंड घालून, जेवढा आवाज आहे तेवढा काढतो. तो निघतो, गोजरबाईला पाठीवर घेतो आणि चढाच्या पायऱ्या चढून शाळेत नेतो. वाटेत ती दर वेळी त्याच्या कानात म्हणते, "साळूला वाचायला ह्या नव्वद पायऱ्याच चढायच्या होत्या रे, बाबा."

शाळेत पोचल्यावर तो तिला फार जपून खाली ठेवतो.

मित्रांनो, तुमच्या गावातला भोंगा, दोर, स्ट्रेचर आत्ता कुठं आहे, ते आजच बघून या. कुणाच्या शेतात, कुणाच्या घरात सापडलं तर मागून आणा. एकदा मागा, दोनदा मागा. तिसऱ्यांदा मात्र मागायला एकटे जाऊ नका, सगळं गाव घेऊन जा. बेबीनंदा तिन्ही वेळा एकटी आली होती.