मांडी घातलेला सांगाडा

रोज अंघोळ झाली की मी देवापुढे मांडी घालून बसते आणि माळ पुरी होईपर्यंत बोलत नाही. बावीस वर्षांचा नेम. आमची अश्विनी इथे भोरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेली आणि तिला या नेमाचा भलताच उपयोग सापडला.

"आई, कॉलेजात सांगाडा एक अन् पोरी साठ. हातच लावायला मिळत नाही. तू हलत नाहीस, बोलत नाहीस. तुझ्यावरच पाठ करते ना!"

माळ अर्धी व्हायची होती, मला बोलता येईना. तिने तोच होकार धरला.

मग माझी माळ चालू, तिची पेन्सिल चालू. खांद्यावर टकटक, "स्कॅप्युला." बरगड्यांवर आली की गुदगुल्या व्हायच्या, मी नाम घट्ट धरून बसायचे. एकदा शेजारच्या ठकुबाई विरजण मागायला आल्या नि दारातच थबकल्या.

"अगं बया, मंगलला ठोकून काय बघतीस?"

"अभ्यास करतेय, मावशी."

"आन् ही गप बसलीया व्हय! आमच्या सुनंला दावाया पायजे."

कॉलेजातल्या तोंडी परीक्षेत मात्र अश्विनी नापास झाली. दप्तर टाकून रडायलाच बसली. कमरेपर्यंत एक चूक नव्हती. बाईंनी उजवं पाऊल विचारलं, हिने डावं दाखवलं. फिब्युला विचारलं, तर ही वाकून सांगाड्याच्या पायाखाली बघायला लागली.

"मांडीत तुझं उजवं पाऊल डावीकडे येतं, आई! नडगीचं हाड टिबिया वर, त्याच्या बाहेरचं फिब्युला जमिनीकडे. तो मेला सरळ लोंबतोय. मी बाईंना म्हटलं, याची जरा मांडी घालता येईल का?"

पंधरा दिवसांवर विद्यापीठाची परीक्षा. त्यातही नापास झाली असती तर वर्ष वाया.

दुसऱ्या दिवशी मी पाट भिंतीला टेकवून ठेवला. तसबिरीतला पांडुरंग उभाच होता. 'पंधरा दिवस मीही उभी राहते, रागावू नकोस,' मनात म्हटलं आणि माळ घेतली. माहेरी पासलीला भातलावणीत दिवसभर उभी असायचे, पण तेव्हा पाय विशीतले होते. आता पोटऱ्या भरून यायच्या.

"हलू नको ना, आई! फिब्युला..." म्हणत एकदा तिने आतल्या बाजूला बोट ठेवलं. मी पायाच्या अंगठ्याने तिचा गुडघा ढोसला. बोट बाहेरच्या बाजूला गेलं.

परीक्षेच्या दिवशीची माळ मी तिच्या वेळेसाठी राखली होती. कॉलेजात खोलीच्या दाराबाहेर उभी राहून जपत होते. आतून परीक्षक सर अन् अश्विनी ऐकू येत होते.

"उजवं पाऊल?"

"हे, सर."

"फिब्युला?"

माझा मणी बोटातच थांबला.

"बाहेरच्या बाजूचं, सर. हे."

"वा! पायाची तयारी पक्की आहे. कोणाच्या सांगाड्यावर केलीस?"

"आईच्या, सर."

मग सर हळूच म्हणाले, "अरेरे. कधी गेल्या?"

"गेली नाही, सर. बाहेर उभी आहे."

सरांनी दारातून डोकं बाहेर काढलं. माळ व्हायची होती, म्हणून मी नुसते हात जोडले. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"पास," ते आत वळून म्हणाले. "आता आईंना बसायला सांग."

मी तिथेच फरशीवर मांडी घातली.