मेणाच्या राणीवरची चरबी

माझ्या तोंडात उरलेल्या तीन दातांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर तेही पाडा.

एका नाटकघरात कपडेपट सांभाळणारी बाई होती. ओठांत सदा टाचण्या, म्हणून सगळे तिला टाचणीबाई म्हणत. तिथे ऑपेरा बसवला होता, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत गाण्यातच बोलायचं नाटक. त्यात मेणाची राणी राजपुत्राच्या प्रेमात पडते, त्याच्या उबेनं वितळते आणि गात गात मरते. राणी झाली होती टाचणीबाईची सख्खी भाची. पोरीचं पहिलंच मोठं काम, त्यात त्याची फिल्म निघणार!

रंगीत तालीमसुद्धा कॅमेरे लावूनच झाली. अंगावर कोमट मेण ओतलं, तरी पोरगी अशी गायली की दिवेवाला नाक पुसत बसला. पण दिग्दर्शकाचं तोंड वाकडं.

"मेण चमकत नाही. चरबी आणा."

दुसऱ्या दिवशी खाटकाकडून दोन डबे आले आणि दिव्यांच्या धगीत सकाळभर तसेच पडले.

टाचणीबाईचा जन्म विसाव्या रांगेच्या हिशेबात गेलेला. नाटकवाल्यांचं तेच माप: विसाव्या रांगेतून दिसत नाही, ते नाहीच. कॅमेरा मेला थेट नाकपुडीत शिरत होता. कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या पडद्यावर तिनं वाकून पाहिलं. राजपुत्र वरचा सूर लावी, की त्याच्या ओठावरून थुंकीची तार सुटे आणि भाचीच्या गालाला चिकटे. दातात सकाळची पालेभाजी!

दुपारी शेवटच्या गाण्याला चरबी ओतली. पिवळी, आंबलेली, बुडबुडे आलेली. सरकत सरकत ती गळ्यात उतरली.

"मावशी, मला ओकारी येतेय गं."

"साहेब, जरा थांबा की! पोरीला मळमळतंय."

"मळमळू दे, टाचणीबाई! ओकली तर सोन्याहून पिवळं. वितळणं म्हणजे दुसरं काय?"

चरबीची आली नव्हती एवढी शिसारी टाचणीबाईला त्या माणसाची आली. पोरीनं गळा झिजवून मिळवलेलं हे काम, आणि जन्मभर लोक म्हणणार काय, तर ती ओकणारी राणी!

गाणं सुरू झालं. दुसऱ्याच ओळीला भाचीचे गाल फुगले, डोळे फिरले. कॅमेरा आशाळभूतासारखा पुढे सरकला. तेवढ्यात टाचणीबाई बादली घेऊन मधे घुसली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. तिची पाठ म्हणजे कपाटच. पलीकडचं काही म्हणता काही दिसेना.

"कट! कोण ही बया? पुन्हा घ्या!"

"कशात घेताय? झगा एकच आहे. कालचं मेण खरवडून निघालं, ही चरबी आता माझ्या बापाच्यानंही निघायची नाही."

झक मारत तालमीतलं मेणाचंच गाणं फिल्ममध्ये घालावं लागलं. लोक ढसाढसा रडले आणि भाचीचं नाव झालं. टाचणीबाईची नोकरी मात्र त्याच दुपारी गेली. जाताना तिनं भरलेली बादली दिग्दर्शकाच्या हातात अदबीनं दिली. म्हणाली, "घ्या साहेब, तुमचं सोनं."

बरं, आता असं बघू नका माझ्याकडे. एवढं एक मी रचलं. हातात नव्हती दिली. डोक्यावर पालथी घातली होती.