ऋतुजाची अकरा कामं

गुरुवारी दुपारपर्यंत मला एक नाव कळवायचं होतं. माझ्या हाताखाली तिघं. कोड आता यंत्रच लिहितं, तेव्हा दोघं पुरेत, असं पुण्याच्या ऑफिसचं म्हणणं होतं.

मी पुण्यापासून लांब, आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेत, माझ्या खोलीत बसून ही टीम सांभाळतो. खोलीत मी आणि पांडुरंगाची तसबीर. रोज सकाळी दहाला पडद्यावर बंद कॅमेऱ्यांचे तीन काळे चौकोन उमटतात आणि मी बोर्ड वाचून दाखवतो, कोणाच्या नावावर किती कामं पुरी झाली ते. त्या बोर्डावरूनच मी तीन महिन्यांचा हिशेब लावला. अभिमन्यू बेचाळीस, बुद्धभूषण अडतीस, ऋतुजा अकरा. वेळापूरहून काम करणाऱ्या ऋतुजाचं नाव मी कळवून टाकलं. तसबिरीला हात जोडले आणि जेवायला बसलो.

रविवारी गल्लीतल्या मंदिरात काल्याचं कीर्तन होतं. कीर्तनात मी एकटा नसतो, म्हणून एकही चुकवत नाही. बुवा अगदी रंगात आलेले आणि ऐन चरणात त्यांना ठसका लागला. त्याच क्षणी बुवांच्या मागं उभ्या टाळकऱ्यांतल्या गुरप्पांनी अभंगाचं ध्रुपद उचललं. बुवांनी पाणी पिऊन श्वास घेईपर्यंत धरून ठेवलं, मग हलकेच सोडून दिलं. पुढं बसलेल्यांना काही कळलंसुद्धा नाही.

काल्याचा प्रसाद घेताना मी म्हटलं, "गुरप्पा, आज कीर्तन तुम्ही राखलंत."

"कुटं काय! बुवा म्हणत असताना आमी ऐकत असतो की. म्हणून ठावं असतं, कुटं थांबले ते."

"तीस वर्षं मागंच उभे. पुढं यावंसं वाटत नाही?"

"पुढं आलो तर मागं कोण ऐकंल, अमृतराव?"

लाह्या हातातच राहिल्या. घरी आलो आणि लॅपटॉप उघडला. या वेळी बोर्ड नाही, एकेक काम आतून उघडलं. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांत चालतं. अभिमन्यूच्या बेचाळीस कामांपैकी छत्तीस कामांखाली ऋतुजाचा शेरा होता. 'यंत्रानं इथं लहान मुलाला मोठ्याचा डोस दिलाय.' 'एकाच नावाचे दोन पेशंट आले तर?' बुद्धभूषणच्या कामांखालीही तेच. यंत्र भराभरा लिहीत होतं, हे दोघं ते तसंच पुढं सरकवत होते आणि वाचत होती ती एकटी. वाचण्याला बोर्डावर रकाना नव्हता. तो बोर्ड मीच आखला होता.

पुण्याच्या ऑफिसातल्या वैजयंती मॅडमना लगेच फोन लावला.

"मॅडम, नाव चुकलं माझं. ऋतुजाला ठेवा."

"अमृत, तिला शुक्रवारीच कळवलंय. आकडे तूच दिलेस ना?"

"मग तिच्या जागी माझं नाव घाला."

त्या हसल्या. "तुझं पुढच्या खेपेला बघू. रविवार आहे, आराम कर."

मग ऋतुजाला फोन केला. सगळं सांगितलं, नाव मी दिलं हेसुद्धा.

"ठाऊक होतं सर. रोज माझा आकडा वाचताना तुमचा आवाज लई बारीक व्हायचा."

"सांगायचं नाही का मला, तू काय करतेस ते?"

"शेरे तुमच्याच बोर्डाखाली होते की. मला वाटलं, वाचत असाल."

पुढं तीच म्हणाली, "डोसचं ते अभिमन्यूनं अजून दुरुस्त केलेलं न्हाय. तेवढं बघा सर, लेकरांचं हाय." आणि फोन ठेवला.

सोमवारी दहाला दोन चौकोन आले. मी बोर्ड उघडला नाही.

"आजपासून आधी वाचायचं," मी म्हणालो. "अभिमन्यू, हे डोसचं काम. काय चुकलंय इथं?"

इतके दिवस असं विचारलं की तिसऱ्या चौकोनातून आवाज यायचा, 'सर, मी बघते.' मी सवयीनं थांबलो. खिडकीखालून भाजीवाली ओरडत गेली.

"सर, आवाज येतोय ना?" बुद्धभूषणनं विचारलं.

"येतोय," मी म्हणालो आणि पहिल्या ओळीपासून एकट्यानं वाचायला लागलो.