खिळ्यांचे टायर

माझ्या बायकोच्या, सिर्काच्या स्पोर्ट्स गाडीला हिवाळ्याचे टायर घ्यायला आम्ही कुहमो गावातल्या दुकानात गेलो, तर बाईसाहेबांनी थेट बिनखिळ्यांच्या टायरवर हात ठेवला.

"हे अजिबात वाजत नाहीत," ती म्हणाली.

म्हणजे घरी कधी आली ते मला कळायलाच नको! तिच्या गायनवृंदाची तालीम तळ्यापलीकडे, त्या ओसीच्या घरी. तो लेकाचा गाणं शिकवतो की आणखी काही, देव जाणे.

"खिळ्यांचेच घ्यायचे," मी म्हणालो. "बर्फावर पकड राहते. आणि चाकं ही काळी, लोखंडी."

"या गाडीला? शोभा करशील माझी."

"का? ओसीला दाखवायचीत?"

दुकानदार खाली बघून हसला. सिर्का शांतपणे म्हणाली, "घे बाबा. होऊ दे तुझ्या मनासारखं."

महिनाभर मी खिडकीशी बसून डांबरावरची खिळ्यांची ती कडकड ऐकली. तळ्याला वळसा घालून ती कधी निघाली, कधी पोचली, सगळं कळायचं. काय समाधान होतं!

मग तळं गोठलं. आता गाडी अंगणात उभी असते, आणि सिर्का स्कीवरून तळं ओलांडून सरळ पलीकडे जाते. स्कीचा काही म्हणता काही आवाज येत नाही.